श्वेतविवर आणि सहा हजार वर्षांची पृथ्वी: हम्फ्रीज यांची मांडणी विज्ञानाच्या कसोटीवर टिकते का?

रेवती_ओहायो

नमस्कार. आम्ही सिनसिनाटीजवळ राहतो. येथून नदी ओलांडून केंटकीत गेले की पीटर्सबर्ग येथे २००७ साली सुरू झालेले क्रिएशन म्युझियम आहे. बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पुस्तकाचे वर्णन शब्दशः खरे असून पृथ्वी सुमारे सहा हजार वर्षांची आहे, असे मानणारी बरीच कुटुंबे आमच्या परिसरात आहेत. त्यांतील एक कुटुंब आमच्या अगदी जवळचे आहे. माझ्या मुलाला खगोलशास्त्राची आवड आहे हे ठाऊक असल्याने त्या घरातील काकांनी त्याला रसेल हम्फ्रीज यांचे १९९४ सालचे ‘स्टारलाइट अँड टाइम’ हे पुस्तक दिले आणि ते वाचून त्यावर बोलू या, असे सुचवले.

पुस्तकातील मांडणी थोडक्यात अशी आहे. विश्व अमर्याद नसून त्याला सीमा आणि केंद्र आहे, आणि पृथ्वी त्या केंद्राजवळ आहे. आरंभी सर्व द्रव्य पाण्याच्या एका गोळ्याच्या रूपात होते, ज्याचा व्यास दोन प्रकाशवर्षांहून अधिक होता. हे द्रव्य श्वेतविवरातून बाहेर पडत प्रसरण पावू लागले, तसतसे श्वेतविवराचे घटनाक्षितिज, म्हणजे त्याची सीमा, आत आत सरकत गेले आणि निर्मितीच्या चौथ्या दिवशी पृथ्वीपर्यंत पोहोचले. घटनाक्षितिजाजवळ काळ मंदावत असल्याने पृथ्वीवर एक साधा दिवस उलटेपर्यंत दूरच्या ताऱ्यांवर अब्जावधी वर्षे लोटली. त्यामुळे पृथ्वी सहा हजार वर्षांची असूनही अब्जावधी प्रकाशवर्षांवरून निघालेला प्रकाश आपल्याला दिसतो.

माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे आहे, परंतु मुलाशी आणि त्या काकांशी प्रामाणिकपणे बोलता यावे अशी इच्छा आहे. श्वेतविवर ही कल्पना मुळात विज्ञानात आहे का, आणि असल्यास तिचा येथे केलेला उपयोग योग्य आहे का, एवढेच मला समजून घ्यायचे आहे. कृपया कोणाच्याही श्रद्धेचा उपहास करू नये.

अवकाशयात्री

रेवतीताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. आइन्स्टाईन यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धांताची समीकरणे काळाच्या दोन्ही दिशांना सारखीच लागू पडतात. ज्या गणितातून कृष्णविवर मिळते, तेच काळाची दिशा उलटी करून वाचले की श्वेतविवर मिळते. कृष्णविवरात द्रव्य केवळ आत जाऊ शकते, तर श्वेतविवरातून ते केवळ बाहेर येऊ शकते. १९६४ साली सोव्हिएत शास्त्रज्ञ इगोर नोविकोव्ह यांनी आणि १९६५ साली इस्रायलचे युवाल निएमान यांनी असे सुचवले होते की महास्फोटाच्या वेळी विश्वाचे काही भाग मागे राहिले असावेत, ते उशिराने प्रसरण पावू लागले असावेत आणि क्वेसारसारख्या तेजस्वी वस्तूंचे मूळ तेथे असावे.

आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल, पण जयंत नारळीकर यांनी कृष्ण अप्पाराव आणि नरेश दधीच यांच्यासह १९७४ साली ‘नेचर’मध्ये श्वेतविवरांतून मिळू शकणाऱ्या उच्च ऊर्जेच्या प्रारणावर शोधनिबंध लिहिला होता. श्वेतविवरातून आरंभी येणाऱ्या प्रकाशाला मोठी नीलसृती लाभते, म्हणजे त्याची ऊर्जा खूप वाढते, आणि ही अवस्था अल्पकाळ टिकते. म्हणून अचानक येणाऱ्या तीव्र प्रारणाचे स्पष्टीकरण त्यातून मिळेल का, हे त्यांनी तपासले होते. त्यामुळे ‘श्वेतविवर’ हा शब्द ऐकताच कोणी हे सारे भाकड आहे असे म्हणू लागले, तर ते चूक ठरेल.

मात्र आजवर एकही श्वेतविवर निरीक्षणात सापडलेले नाही. डग्लस एर्डली यांनीही १९७४ सालीच दाखवून दिले की आरंभीच्या विश्वातील श्वेतविवर स्थिर राहू शकत नाही. भोवतालचे द्रव्य आणि प्रारण त्याच्या क्षितिजाशी साचत जाते, त्याची ऊर्जा प्रचंड वाढते आणि अखेरीस त्या श्वेतविवराचेच कृष्णविवर होते.

अमोघ

मी निर्मितीवादी, म्हणजे ‘उत्पत्ती’चे वर्णन शब्दशः मानणारा, नाही, तरीही हम्फ्रीज यांची बाजू न्याय्य रीतीने मांडली जावी, असे मला वाटते. ते भौतिकशास्त्राचे डॉक्टरेट असलेले संशोधक आहेत आणि सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेत त्यांनी अनेक वर्षे काम केले आहे. १९८४ साली त्यांनी ग्रहांच्या चुंबकीय क्षेत्रांविषयी एक मांडणी केली आणि युरेनस व नेपच्यून यांच्या क्षेत्रांचे अंदाज आधीच छापले. व्हॉयेजर २ हे यान १९८६ साली युरेनसजवळून आणि १९८९ साली नेपच्यूनजवळून गेले, तेव्हा मोजलेली मूल्ये त्यांच्या अंदाजाच्या मर्यादेत बसली. आधी भाकीत आणि नंतर पडताळा हीच तर विज्ञानाची रीत आहे. शिवाय गुरुत्वाकर्षणामुळे काळ मंदावतो हे तर सिद्धच आहे. जीपीएसच्या उपग्रहांवरील घड्याळे पृथ्वीवरील घड्याळांच्या तुलनेत रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि ती दुरुस्ती केली नाही तर मार्गदर्शनच कोलमडेल. तेव्हा लेखकाची धार्मिक भूमिका काय आहे हे बाजूला ठेवून समीकरणे पाहावीत, अशी माझी विनंती आहे.

प्रश्नचिन्ह

अमोघ, समीकरणे अवश्य पाहू. परंतु ज्या वर्तुळात ही मांडणी प्रचलित आहे, त्याची पद्धतही विचारात घ्यावी लागेल. रेवतीताईंनी उल्लेख केलेले संग्रहालय चालवणाऱ्या ‘आन्सर्स इन जेनेसिस’ या संस्थेच्या श्रद्धापत्रकात असे स्पष्ट म्हटले आहे की, धर्मग्रंथातील वृत्तान्ताशी विसंगत असणारा कोणताही पुरावा ग्राह्य ठरू शकत नाही. उत्तर आधीच निश्चित झाले असेल आणि पुरावा केवळ त्याच्याशी जुळवून घ्यायचा असेल, तर त्या प्रक्रियेला संशोधन म्हणणे मला अवघड वाटते.

अमोघ

त्या श्रद्धापत्रकावरून संस्थेबद्दल मत बनवता येईल, समीकरणाबद्दल नाही. न्यूटन बायबलमधील कालगणनेवर वर्षानुवर्षे लिहीत होते म्हणून गुरुत्वाकर्षणाचा नियम अग्राह्य ठरत नाही.

शुद्धगणित

अमोघ यांचे म्हणणे मला पटते, आणि म्हणूनच समीकरणांबद्दल सविस्तर लिहितो. ही मांडणी प्रथम अडखळते ती गणितातच. हे प्रतिपादन माझे नाही. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाचे डॉन पेज यांनी सॅम्युएल कॉनर यांच्यासह १९९८ साली निर्मितीवाद्यांच्याच एका नियतकालिकात दीर्घ लेख लिहून ते दाखवून दिले होते. डॉन पेज हे स्टीफन हॉकिंग यांचे सहकारी होते आणि ते स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती आहेत, त्यामुळे त्यांचा आक्षेप धर्मद्वेषातून आला असे कोणी म्हणू शकणार नाही.

सर्वत्र सारखी घनता असलेला, दाब नसलेल्या द्रव्याचा एक मोठा गोळा प्रसरण पावत आहे, असे समजा. बाहेर निर्वात पोकळी आहे. व्यापक सापेक्षता सिद्धांतात हा प्रश्न फार पूर्वीच सुटलेला आहे. कोसळणाऱ्या गोळ्याचे गणित बी. दत्त यांच्या १९३८ सालच्या आणि ओपनहायमर व स्नायडर यांच्या १९३९ सालच्या कामात मिळते, आणि तेच उलट दिशेने वाचले की श्वेतविवरातून बाहेर पडणारा गोळा मिळतो. हम्फ्रीज यांच्या मांडणीचा सांगाडा हाच आहे. आता या गोळ्याच्या आतील अवकाश आणि काळ यांचे वर्णन करणारे सूत्र पाहिले, तर ते महास्फोटाच्या सिद्धांतात वापरल्या जाणाऱ्या फ्रीडमन यांच्या सूत्राशी तंतोतंत जुळते. विश्वाला सीमा आहे की नाही, याचा आतल्या भागावर काहीही परिणाम होत नाही, कारण गोलाकार सममिती असताना बाहेरच्या थरांचे गुरुत्वाकर्षण आतल्या भागावर चालत नाही.

याचा परिणाम मोठा आहे. या सूत्रानुसार द्रव्यासोबत वाहणारे प्रत्येक घड्याळ, मग ते केंद्रात असो किंवा कडेला, आरंभापासून सारखाच काळ मोजते. केंद्राजवळच्या पृथ्वीवरील घड्याळ आणि कडेच्या दीर्घिकेतील घड्याळ, दोघांच्या भोवतालची घनता जेव्हा सारखी असते, तेव्हा दोघेही सारखेच वय दाखवतात. दूरच्या दीर्घिकेवर १३८० कोटी वर्षे लोटली असतील, तर पृथ्वी ज्या द्रव्यापासून बनली त्या द्रव्याच्या घड्याळातही १३८० कोटी वर्षेच लोटलेली असतात. पेज आणि कॉनर यांनी आपल्या लेखाला जे शीर्षक दिले त्याचा आशय असा होता की, ‘स्टारलाइट अँड टाइम’ची मांडणी म्हणजे प्रत्यक्षात महास्फोटाचीच मांडणी होय.

मग घटनाक्षितिजापाशी काळ थांबतो या विधानाचे काय? ते विधान अर्धवट उद्धृत केले जाते. क्षितिजाजवळ एखादा निरीक्षक रॉकेटच्या जोरावर एकाच जागी स्थिर राहण्याचा प्रयत्न करत असेल, तर त्याचे घड्याळ दूरच्या निरीक्षकाच्या तुलनेत अतिशय मंदावते. पण जो मुक्तपणे क्षितिज ओलांडतो, त्याला तेथे काहीही विशेष जाणवत नाही. आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना नकाशावरील तारीख बदलते, मनगटावरील घड्याळ थांबत नाही, त्यातलाच हा प्रकार आहे. हम्फ्रीज यांनी एका विशिष्ट निर्देशांक-पद्धतीतील काळ हा घड्याळाने मोजलेला काळ आहे असे गृहीत धरले. चौथ्या दिवशी क्षितिज पृथ्वीवरून गेले असे घटकाभर मान्य केले तरी पृथ्वीवरील घड्याळ त्यामुळे मंदावत नाही.

अमोघ

शुद्धगणित सर, सविस्तर उत्तराबद्दल आभार. परंतु हम्फ्रीज यांनी या टीकेला उत्तरे दिली आणि पुढे मांडणी बदललीही, असे वाचले आहे. त्या सुधारित मांडणीचा विचार व्हायला हवा.

शुद्धगणित

होय, उत्तरे दिली, आणि त्यातूनच मूळ अडचण दिसून येते. टीकेनंतर त्यांनी भर दुसरीकडे वळवला. विश्वाच्या आरंभीच्या एका टप्प्यात असा प्रदेश होता की जेथे काळ काळासारखा वागतच नव्हता, अशी कल्पना त्यांनी मांडली. २००७-०८ च्या सुमारास त्यांनी आणखी एक वेगळे प्रारूप मांडले, ज्यात विश्वाच्या कडेला द्रव्याचे कवच आहे आणि आतल्या प्रदेशात काही काळ घड्याळे चालतच नाहीत. त्याच वेळी पायोनियर १० आणि ११ या यानांच्या गतीत दिसलेला सूक्ष्म, न उलगडलेला बदल आपल्या मांडणीने उलगडतो, असाही दावा त्यांनी केला. तो बदल होता प्रतिसेकंद वर्गाला ८.७४ गुणिले १० चा उणे दहावा घात मीटर इतका. २०१२ साली तुरिशेव्ह आणि सहकाऱ्यांनी जुनी सारी मोजमापे पुन्हा तपासून दाखवले की यानातील किरणोत्सारी विद्युत्-जनित्राची उष्णता एका दिशेला अधिक फेकली जात होती आणि तिचाच धक्का यानाला मागे ढकलत होता. विश्वाच्या केंद्राशी त्याचा काहीही संबंध नव्हता.

चुंबकीय क्षेत्रांच्या भाकितांबद्दलही सांगतो. ग्रह मुळात पाण्याचे बनले, त्या पाण्यातील हायड्रोजनच्या अणुगर्भांपैकी एक चतुर्थांश एकाच दिशेला वळलेले होते आणि सहा हजार वर्षांत ते क्षेत्र ओसरत गेले, या गृहीतांवर ती उभी आहेत. त्यातील एक चतुर्थांश हा आकडा कोणत्याही भौतिक नियमातून निघत नाही, तो निवडलेला आहे, आणि भाकीतही दशपटीच्या ढोबळ मर्यादेत होते. त्या भाकिताला मी शून्य किंमत देत नाही, पण तो श्वेतविवराच्या मांडणीचा पुरावा होत नाही, कारण दोन्ही मांडण्या एकमेकींपासून पूर्ण स्वतंत्र आहेत.

नंदिनी_पुणे

मला आणखी सोपा पुरावा सुचतो. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी मोठ्या मॅजेलनी मेघातील, म्हणजे आपल्या शेजारच्या एका छोट्या दीर्घिकेतील, एका ताऱ्याचा स्फोट दिसला. त्याला एसएन १९८७ए म्हणतात. तो सुमारे १,६८,००० प्रकाशवर्षे दूर आहे. त्याच्याभोवतीचे वायूचे कडे स्फोटानंतर काही महिन्यांनी उजळले, आणि त्या उजळण्याच्या वेळेवरून कड्याचा खरा आकार व त्यावरून अंतर निव्वळ भूमितीने काढता आले. शिवाय स्फोटानंतर त्याचे तेज ज्या गतीने ओसरत गेले, ती गती कोबाल्ट-५६ च्या सुमारे ७७ दिवसांच्या अर्धायुष्याशी जुळत होती. म्हणजे १,६८,००० वर्षांपूर्वी तेथे किरणोत्सारी ऱ्हास आजच्याच गतीने होत होता. सहा हजार वर्षांच्या विश्वात हे कसे बसणार?

शुद्धगणित

नंदिनीताई, पुरावा अतिशय सुंदर आहे, पण तो नेमका कोणाविरुद्ध वापरायचा याची काळजी घ्यावी लागेल, नाहीतर रेवतीताईंचे शेजारी तो सहज परतवतील. प्रकाशाचा वेग पूर्वी प्रचंड होता आणि पुढे घटत गेला, असे निर्मितीवादी बॅरी सेटरफिल्ड यांनी मांडले होते. तसे असते, तर दूरच्या घटना आपल्याला संथ झालेल्या दिसल्या असत्या, आणि कोबाल्टचे ७७ दिवस जुळले नसते. प्रकाश वाटेतच निर्माण केला गेला, असे मानणाऱ्यांविरुद्धही हा पुरावा चालतो, कारण तसे मानले तर जो स्फोट कधी झालाच नाही त्याचे चित्र आपण पाहिले, असे म्हणावे लागते. हम्फ्रीज मात्र दूरच्या ताऱ्यांवर खरोखरच तितका काळ लोटला, हे मान्य करतात. किंबहुना तेच त्यांच्या मांडणीचे वैशिष्ट्य आहे. त्यामुळे दूरच्या वस्तूंचे वय सिद्ध करून त्यांचे खंडन होत नाही. पृथ्वीचे घड्याळ थांबले होते का, हा प्रश्न पृथ्वीलाच विचारावा लागतो.

कातळवाट

शुद्धगणित यांनी जेथे थांबवले तेथूनच पुढे लिहितो, कारण पृथ्वीला प्रश्न विचारणे हेच आम्हा भूवैज्ञानिकांचे काम आहे.

हम्फ्रीज यांची मांडणी पूर्णपणे मान्य केली, अगदी शुद्धगणित यांचे सारे गणित बाजूला ठेवले, तरी तिच्यातून निघणारे भाकीत असे आहे: दूरचे तारे वृद्ध असतील आणि पृथ्वीवरील खडक सहा हजार वर्षांचे असतील. हे भाकीत तपासता येते आणि ते साफ चुकते. क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ साली कॅन्यन डायब्लो येथील अशनी आणि इतर नमुन्यांतील शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे काढले. नंतरच्या मोजमापांनी त्यात फारच थोडा फरक पडला. चंद्रावरून आणलेले खडक, अवकाशातून पडलेल्या अशनी आणि पृथ्वीवरील शिसे हे सर्व एकाच सुमाराचे वय सांगतात. पृथ्वीचे घड्याळ थांबलेले असते आणि बाहेरचे चालू असते, तर हा मेळ बसलाच नसता.

दूर कशाला जायचे? आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण घ्या. दख्खनच्या लाव्हाचे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. त्यातील वयाचा आकडा कोणाला पटत नसेल, तर त्याने घाटातून जाताना रस्त्याच्या कडेची कापलेली भिंत पाहावी. दोन काळ्या थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी विटेसारख्या लाल मातीचा पट्टा दिसतो. खालचा लाव्हा थंड झाला, ऊन-पावसात झिजला, त्याची माती झाली आणि मग त्यावर पुढचा लाव्हा पसरून ती माती भाजली गेली, अशी ही रचना आहे. मुंबईत वरळीच्या परिसरात दोन लाव्हांच्या मध्ये साचलेल्या गाळाच्या खडकांत बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तेथे तळी होती, त्यांत बेडूक पिढ्यान्‌पिढ्या जगले आणि त्यानंतर पुन्हा लाव्हा आला. हे सारे थरावर थर बायबलमध्ये सांगितलेल्या एका वर्षाच्या महापुरात घडले असे मानायचे असेल, तर वाहत्या पुराखाली तळे कसे टिकले आणि माती कशी तयार झाली, हे कोणीतरी सांगावे. आपल्या डोळ्यांसमोर उभ्या असलेल्या डोंगराकडे पाठ फिरवून कोणी विश्वाच्या कडेचे गणित मांडू लागले, की मला मनापासून वाईट वाटते.

येथे आणखी एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. १९९७ ते २००५ या काळात निर्मितीवादी संशोधकांनी ‘रेट’ नावाचा प्रकल्प चालवला. त्यात हम्फ्रीजही होते. त्या प्रकल्पाने स्वतःच मान्य केले की आजच्या गतीने मोजल्यास कोट्यवधी वर्षांइतका किरणोत्सारी ऱ्हास खडकांत खरोखर झालेला आहे. त्यावर त्यांचा तोडगा असा होता की, निर्मितीच्या किंवा महापुराच्या काळात ऱ्हासाची गती प्रचंड वाढली असावी. तसे झाले असते, तर निर्माण होणाऱ्या उष्णतेने पृथ्वीचे कवच वितळले असते. ही अडचण त्यांच्याच अहवालात न सुटलेली म्हणून नोंदवलेली आहे.

अवकाशयात्री

कातळवाट यांचा मुद्दा मला निर्णायक वाटतो. ताऱ्यांचा प्रश्न सोडवण्यासाठी पृथ्वीचा काळ थांबवायचा आणि पृथ्वीच्या खडकांचा प्रश्न सोडवण्यासाठी अणूंचा ऱ्हास वेगवान करायचा, अशा दोन स्वतंत्र सवलती येथे घेतलेल्या आहेत.

वसईकर

मी कॅथलिक आहे आणि लहानपणापासून चर्चमध्ये वाढलो. येथे एक गैरसमज होऊ नये म्हणून लिहितो. ख्रिस्ती श्रद्धा म्हणजे सहा हजार वर्षांची पृथ्वी, असे समीकरण नाही. प्रसरण पावणाऱ्या विश्वाची मांडणी १९२७ साली करणारे आणि १९३१ साली आदि-अणूची कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. आज ज्या महास्फोटाच्या सिद्धांताविरुद्ध हम्फ्रीज लिहितात, त्याचा पाया एका फादरने घातला. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी महास्फोटाचा संबंध निर्मितीशी जोडणारे भाषण केले, तेव्हा लमेत्र यांना ते रुचले नाही. आपल्या सिद्धांताने धर्मग्रंथ सिद्धही होत नाही आणि खोटाही ठरत नाही, अशी त्यांची भूमिका होती.

रेवतीताई, शेजारच्या काकांशी बोलताना ही गोष्ट अवश्य सांगा. त्यांना श्रद्धा आणि विज्ञान यांतून एकच निवडायचे आहे असे वाटत असेल, तर संभाषण पुढे सरकणार नाही. ह्यू रॉस हे खगोलशास्त्रज्ञ बायबलवर गाढ श्रद्धा ठेवतात, तरीही विश्व अब्जावधी वर्षांचे आहे असे मानतात आणि हम्फ्रीज यांच्या मांडणीचे ठाम टीकाकार आहेत.

मुक्तछंद

हा धागा वाचताना वाटले की आपल्याकडे ४३२ कोटी वर्षांचा ब्रह्मदेवाचा दिवस सांगितला आहे आणि तो पृथ्वीच्या वयाच्या जवळ जातो. म्हणजे आपल्या पूर्वजांना ही वये ठाऊक होती, असे म्हणता येईल का? बायबलपेक्षा आपली कालगणना विज्ञानाला जवळची आहे, असे मला वाटते.

प्रश्नचिन्ह

मुक्तछंद, मी वर निर्मितीवाद्यांच्या पद्धतीला जो आक्षेप घेतला, तोच येथेही घ्यायला हवा. ४३२ कोटी हा आकडा युगांच्या गणितातून, ठरावीक गुणाकारांनी आलेला आहे. खडकांच्या किंवा ताऱ्यांच्या मोजमापातून तो आलेला नाही. आधी आकडा आणि मग त्याच्याशी जुळणारा पुरावा शोधणे ही पद्धत शेजाऱ्याने वापरली तर चूक आणि आपण वापरली तर बरोबर, असे कसे म्हणता येईल? पुराणांतील काळाची कल्पना भव्य आहे आणि तिचा मला अभिमान आहे. परंतु तिला भौतिकशास्त्राचे प्रमाणपत्र देण्याची आवश्यकता नाही.

मुक्तछंद

आकडा मोजमापातून आलेला नाही हे मान्य, पण इतक्या दीर्घ काळाची कल्पना करणे हीच मोठी झेप होती, हे माझे मत कायम आहे.

अमोघ

एक शेवटचा मुद्दा. महास्फोटाच्या सिद्धांतावरही आक्षेप आहेतच. नारळीकर सर स्वतः तो मानत नव्हते. मग प्रस्थापित सिद्धांताला आव्हान देण्याचा अधिकार हम्फ्रीज यांना का नाही?

अवकाशयात्री

अधिकार पूर्णपणे आहे. नारळीकर यांचे उदाहरण तुम्ही दिले हे बरे झाले, कारण फरक तेथेच स्पष्ट होतो. फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी १९९३ साली अर्धस्थिर स्थितीचे विश्वरूप मांडले. त्या मांडणीत विश्व महास्फोटाच्या विश्वापेक्षाही कितीतरी जुने आहे, आणि त्यांनी सूक्ष्मलहरींच्या पार्श्वप्रारणापासून हलक्या मूलद्रव्यांच्या प्रमाणापर्यंत प्रत्येक निरीक्षणाचे उत्तर देण्याचा प्रयत्न केला. बहुसंख्य शास्त्रज्ञांना ती उत्तरे पटली नाहीत. तरीही कोणते निरीक्षण आपल्या विरोधात जाईल, हे नारळीकर स्वतः सांगत असत. महास्फोटाविषयी शंका घेणे म्हणजे तरुण पृथ्वीला पाठिंबा देणे नव्हे.

आणखी असे की, दूरच्या ताऱ्यांच्या प्रकाशाबद्दल निर्मितीवाद्यांमध्येच एकमत नाही. जेसन लायल यांनी २०१० साली प्रकाशाच्या एकतर्फी वेगाची व्याख्याच बदलून उत्तर सुचवले. डॅनी फॉकनर यांनी २०१३ साली, ईश्वराने वनस्पतींप्रमाणेच प्रकाशालाही चमत्काराने झटपट पुढे आणले, अशी मांडणी केली. फॉकनर यांचे उत्तर तर श्रद्धेचे उत्तर म्हणून उघडपणे दिलेले आहे, आणि मला ते अधिक प्रामाणिक वाटते.

रेवती_ओहायो

सर्वांचे मनापासून आभार. शुद्धगणित सर, तुमचा पहिला प्रतिसाद मुलाने आणि मी मिळून वाचला. त्याने एक शंका विचारली आहे, ती जशीच्या तशी देते. मांडणीत पृथ्वी गुरुत्वाच्या खोल खड्ड्यात होती असे मानले आणि तेथे काळ मंद होता असेही मानले, तर त्या दिवशी पृथ्वीवरून आकाश कसे दिसले असते?

काकांशी शनिवारी बोलणे होईल. वसईकर यांनी सांगितलेले लमेत्र आणि कातळवाट यांनी सांगितलेले शिशाचे मोजमाप, या दोन गोष्टींपासून सुरुवात करण्याचे ठरवले आहे.

शुद्धगणित

मुलाला शाबासकी सांगा. प्रश्न अगदी मर्मावर आहे.

आज पृथ्वीच्या पृष्ठभागावरील घड्याळ पृथ्वीच्या गुरुत्वामुळे, खूप दूरच्या घड्याळाच्या तुलनेत वर्षाला सुमारे ०.०२ सेकंद मागे पडते. सूर्याच्या पृष्ठभागावर हा फरक वर्षाला साधारण एक मिनिट होतो. आता त्या मांडणीप्रमाणे पृथ्वीवरील एका दिवसात बाहेर, समजा, १००० कोटी वर्षे गेली. म्हणजे बाहेरची घड्याळे पृथ्वीपेक्षा ३ लाख ६५ हजार कोटी पट वेगाने चालली. प्रकाशलहरीचे कंपन हेही एक घड्याळच आहे. त्या दिवशी पृथ्वीवर पोहोचलेल्या ताऱ्यांच्या प्रकाशाची कंपनसंख्या, आणि म्हणून प्रत्येक प्रकाशकणाची ऊर्जा, तितक्याच पटीने वाढलेली असणार. दृश्य प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा साधारण दोन इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. तिला त्या पटीने गुणले की ती गॅमा किरणांच्या सर्वसाधारण ऊर्जेच्या कितीतरी पुढे जाते. त्यातच एका दिवसात १००० कोटी वर्षांचा साठलेला प्रकाश येणार. विश्वाच्या प्रसरणामुळे होणारी ताम्रसृती, म्हणजे प्रकाशाच्या ऊर्जेतील घट, त्यातून वजा करावी लागेल, पण एवढा गुणक पुसून टाकण्याइतकी ताम्रसृती कोणत्याही दीर्घिकेत आढळलेली नाही. ‘उत्पत्ती’तील क्रमाप्रमाणे आदल्याच दिवशी, म्हणजे तिसऱ्या दिवशी, जमिनीवर वनस्पती उगवलेल्या होत्या. त्या वनस्पती चौथ्या दिवशीच्या त्या प्रारणातून वाचल्या कशा, हे शनिवारी त्या काकांना विचारता येईल.